घड्याळ नव्हे, कणीक बघा: घरच्या घरी सावरडो पाव

सावरडो पावात तीनच जिन्नस असतात: पीठ, पाणी आणि मीठ. यीस्टचं पाकीट नाही, साखर नाही, लोणी नाही. तरीही तो फुगतो, कारण पिठात मुळातच असलेलं जंगली यीस्ट आणि आंबवणारे बॅक्टेरिया यांना आपण दहा-बारा दिवस खाऊपिऊ घालून कामाला लावलेलं असतं. त्यांच्या या फसफसत्या मिश्रणाला स्टार्टर म्हणतात. पावाचं विरजणच म्हणा ना.

यीस्ट कार्बन डायऑक्साइड सोडतं, त्याने पाव फुगतो. बॅक्टेरिया लॅक्टिक आणि ॲसेटिक आम्ल तयार करतात, त्याने आंबूस चव येते आणि पाव लवकर बुरसत नाही. हे नुसतं शेजारपण नाही. १९७१ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या सावरडोवर संशोधन झालं, तेव्हा तिथल्या यीस्टला माल्टोज ही साखर पचत नाही आणि बॅक्टेरियांना मात्र तीच लागते, असं दिसलं. म्हणजे दोघं एका ताटात जेवतात, पण एकमेकांचा घास हिसकावत नाहीत. म्हणून चांगला स्टार्टर वर्षानुवर्षं टिकतो. पहिल्या शतकातला रोमन लेखक थोरला प्लिनी यानेही आदल्या दिवशीची कणीक राखून पाव फुगवण्याची रीत नोंदवली आहे, तेव्हा आपण काही नवीन करत नाही आहोत.

नवशिक्यांचे पाव बहुतेक वेळा दोनच कारणांनी बिघडतात: कच्चा स्टार्टर आणि अर्धवट आंबलेली कणीक. ही दोन्ही कामं घड्याळावर चालत नाहीत, तापमानावर चालतात. त्यामुळे खाली जिथे जिथे तास दिले आहेत, ते अंदाज म्हणून घ्या.

काय लागेल

वजनकाटा, ग्रॅममध्ये मोजणारा. यावर तडजोड करू नका. पिठाचा तोच कप कधी १२० ग्रॅम भरतो, कधी १५०, आणि पावात तेवढ्या फरकाने सगळं गणित कोलमडतं. पाणीसुद्धा काट्यावरच मोजायचं. बाकी एक काचेची उभट बरणी, मोठं वाडगं, ओव्हनमध्ये चालेल असं जाड बुडाचं झाकणाचं भांडं (ओतीव लोखंडाचं डच ओव्हन उत्तम), नवं धारदार ब्लेड आणि बेकिंग पेपर. साधा थर्मामीटर असला तर फार उपयोगी पडतो. वेताची टोपली, खास सुरी वगैरे नंतर बघू.

स्टार्टर

पहिल्या दिवशी ५० ग्रॅम गव्हाचं कोंड्यासकट पीठ आणि ५० ग्रॅम पाणी बरणीत कालवा. कोंड्यात जंतू जास्त असतात, म्हणून सुरुवात याच पिठाने करायची. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल तर गाळलेलं पाणी वापरा. झाकण सैल ठेवा, कारण आत वायू तयार होणार आहे आणि घट्ट झाकणाची बरणी फुटू शकते. जागा २४ ते २७ अंश सेल्सिअसची हवी.

दुसऱ्या दिवसापासून रोज एकदा: बरणीत ५० ग्रॅम मिश्रण ठेवायचं, बाकीचं काढून टाकायचं, ५० ग्रॅम पीठ आणि ५० ग्रॅम पाणी घालायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर निम्मं गव्हाचं पीठ आणि निम्मा मैदा घेतला तरी चालतं. बरणीला मिश्रणाच्या उंचीवर रबरबँड लावून ठेवा, म्हणजे किती चढलं ते कळतं.

'काढून टाकायचं' हे वाचून प्रत्येकाच्या जिवावर येतं. माझ्याही आलं होतं. म्हणून हिशोब करून पाहिला: काहीच न टाकता ५० ग्रॅमला दर वेळी त्याच्याइतकंच पीठ आणि पाणी घालत गेलं, तर सातव्या खुराकानंतर जवळजवळ १०९ किलो स्टार्टर होतो. तेव्हा टाका. फक्त सिंकमध्ये ओतू नका, पाइपात जाऊन घट्ट बसतो. स्टार्टर तयार झाल्यावर पुढे निघणारा जास्तीचा भाग पॅनकेकच्या किंवा क्रॅकर्सच्या पिठात मुरवता येतो. पहिल्या आठवड्यातला मात्र कंपोस्टमध्येच जाऊ द्या.

आता या आठवड्यातला फसवा भाग. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मिश्रण एकदम फुगून वर येतं. आपण खूश होतो. पण ते यीस्ट नसतं. ल्युकोनोस्टॉकसारखे बॅक्टेरिया सुरुवातीला झपाट्याने वाढतात आणि वायू सोडतात. वासही त्या वेळी घाणेरडा येतो, ओल्या मोज्यांसारखा. मग आम्ल वाढतं, हे बॅक्टेरिया मागे पडतात आणि बरणी दोन-चार दिवस अगदी मेल्यासारखी गप्प होते. माझा पहिला स्टार्टर मी याच टप्प्यावर 'बिघडला' म्हणून पाचव्या दिवशी फेकला. दुसराही तसाच फेकला. तिसऱ्या वेळी कामाच्या गडबडीत फेकायचं राहून गेलं, नुसता खुराक देत राहिले, आणि आठव्या दिवशी तो आपणहून उठला. आम्लता पुरेशी वाढली की ती सहन करणारं यीस्ट आणि लॅक्टोबॅसिलस गटातले बॅक्टेरिया जम बसवतात, त्याला तेवढा वेळ लागतोच.

रोज नीट चढायला लागला की दिवसातून दोनदा खुराक द्या. खुराक दिल्यावर ४ ते ८ तासांत दुप्पट होतोय, वरचा भाग घुमटासारखा फुगीर आहे, आत जाळी दिसतेय आणि वास पिकल्या फळासारखा, किंचित आंबट येतोय, असं सलग तीन दिवस झालं की स्टार्टर तयार. साधारण १० ते १४ दिवस धरा. चमचाभर स्टार्टर पाण्यावर तरंगतो का, ही चाचणी खूप सांगितली जाते. माझा तिच्यावर फार विश्वास नाही. गव्हाच्या पिठाचा उत्तम स्टार्टरही कधी बुडतो, आणि त्या तिसऱ्या दिवसाच्या फसव्या फुग्यातला तरंगतो.

हवा गरम असेल तर समान वजनाचा खुराक तीन-चार तासांतच संपतो आणि स्टार्टर आंबटढाण होतो. तेव्हा जुना स्टार्टर कमी घ्यायचा: एक भाग स्टार्टर, पाच भाग पीठ, पाच भाग पाणी. वर करडं पाणी साचलं तर ती भुकेची खूण आहे. ओतून टाका किंवा ढवळून घ्या, आणि खुराक द्या. पण गुलाबी-नारिंगी छटा दिसली किंवा केसाळ बुरशी आली तर बरणीतलं सगळं फेकायचं. वरचं काढून खालचं वापरणं नको.

पहिल्या पावाचं माप

मैदा ४५० ग्रॅम, गव्हाचं पीठ ५० ग्रॅम, पाणी ३५० ग्रॅम, तयार स्टार्टर १०० ग्रॅम, मीठ १० ग्रॅम. पाव बनवणारे सगळं पिठाच्या टक्क्यांत बोलतात: पीठ म्हणजे १००, पाणी ७०, स्टार्टर २०, मीठ २ टक्के. ही भाषा आली की कुठलीही कृती लहान-मोठी करता येते.

मैद्याच्या पाकिटावर प्रथिनं किती ते वाचा. १२ टक्क्यांच्या आसपास असतील तर ७० टक्के पाणी झेपतं. १० टक्क्यांच्या जवळ असतील तर पाणी ३२५ ग्रॅमच घ्या. फोटोतल्या भल्यामोठ्या भोकांच्या नादाने ८० टक्के पाण्यावर उडी मारणं हा उत्साह पुढच्या वर्षासाठी राखून ठेवा. ओली कणीक हाताला शिकवत काही नाही, नुसती चिकटते.

आदली रात्र

२० ग्रॅम स्टार्टर, ५० ग्रॅम पीठ, ५० ग्रॅम पाणी कालवून ठेवा. सकाळी १२० ग्रॅम होईल. १०० पावात जाईल, २० बरणीत परत. हे परत ठेवायचं विसरू नका. सगळा स्टार्टर पावात घालून भट्टीत पाठवणारे लोक तुम्हाला वाटतात त्यापेक्षा बरेच आहेत.

कणीक

स्टार्टर पूर्ण चढायच्या सुमारास पीठ आणि पाणी कालवा, कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंत. मळायचं नाही. झाकून ३० ते ६० मिनिटं सोडून द्या. या विश्रांतीला ऑटोलीज म्हणतात. रेमों काल्व्हेल या फ्रेंच पाव-तज्ज्ञाने १९७० च्या दशकात ही पद्धत रूढ केली. पीठ पाणी पितं, ग्लुटेनच्या, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनांच्या, तारा आपोआप जुळायला लागतात, आणि पुढची निम्मी मेहनत वाचते. मग त्यात स्टार्टर घालून बोटांनी दाबत एकजीव करा, दहा-पंधरा मिनिटांनी मीठ आणि चमचाभर पाणी. मीठ चवीपुरतं नाही, ते ग्लुटेन घट्ट करतं आणि आंबणं आटोक्यात ठेवतं. एकदा विसरून पाहा, सैलसर गोळा हातातून ओघळतो आणि पाव पाणचट लागतो.

कणकेचं तापमान २५ अंशांच्या आसपास असावं. ढोबळ हिशोब असा: २५ ला ३ ने गुणा, त्यातून खोलीचं आणि पिठाचं तापमान वजा करा, जे उरेल तेवढ्या तापमानाचं पाणी वापरा. खोली आणि पीठ दोन्ही ३० अंशांवर असतील तर पाणी १५ अंशांचं, म्हणजे चांगलं गार.

आता पुढच्या दोन तासांत दर अर्ध्या तासाने, असं चार वेळा कणकेला घड्या घालायच्या. हात ओला करा, कणकेची एक कड धरून तुटणार नाही इतपत वर ताणा आणि मधोमध दुमडा. भांडं थोडं फिरवून पुन्हा. चारही बाजू झाल्या की झाकून ठेवा. पहिल्या वेळी हाताला चिकटणारा चिखल असतो, चौथ्या वेळी तोच गोळा गुळगुळीत, ताठ आणि लवचीक झालेला असतो. हा बदल हाताखाली होताना कळणं, हे मला या सगळ्या खटाटोपातलं सर्वांत आवडतं.

आंबवणं

स्टार्टर मिसळल्यापासूनच वेळ मोजायला लागा. २५ अंशांना साधारण ५ ते ६ तास, २१ ला ८-९, आणि ३० अंशांना ३ ते ४ तासही पुरतात. पण खरा निकष कणीक किती वाढली हा आहे, आणि गोल वाडग्यात ते डोळ्यांना कळत नाही. त्यावर सोपी युक्ती: घड्या संपल्यावर कणकेचा लहान गोळा सरळ बाजूच्या छोट्या काचेच्या ग्लासात दाबून ठेवा, रबरबँड लावा, आणि ग्लास वाडग्याशेजारीच असू द्या. तो दीडपट झाला की मोठी कणीकही तिथेच आलेली असते. नवशिक्याने साधारण दीडपटीलाच थांबावं. हवा फार गरम असेल तर त्याच्याही जरा आधी, कारण फ्रिजमध्ये गेल्यावर गोळा थंड होईपर्यंत आंबत राहतोच.

इतर खुणा: भांडं हलवलं की कणीक थुलथुलते, कडेला आणि वर बुडबुडे दिसतात, पृष्ठभाग फुगीर असतो, ओल्या बोटाने स्पर्श केला तर पूर्वीइतकी चिकटत नाही. यातलं काहीच दिसत नसेल आणि कृतीतले पाच तास संपले असतील, तर थांबा. आणखी दोन तास थांबा.

आकार

ओट्यावर कणीक हलकेच काढा, सैलसर गोल करा आणि २०-३० मिनिटं तशीच ठेवा. मग किंचित पीठ भुरभुरवून उलटी करा, दोन्ही बाजू मध्ये दुमडा आणि आपल्याकडून पुढे घट्ट गुंडाळी करत न्या. गोळा ओट्यावर स्वतःकडे ओढला की खालची बाजू ताणून वरची साल तट्ट होते. ती तट्ट झाली तरच पाव वर चढेल, नाहीतर आडवा पसरेल. आतला वायू मात्र दाबून काढू नका.

वाडग्यात सुती कापड अंथरून त्यावर तांदळाचं पीठ भुरभुरवा आणि गोळ्याची जोडाची बाजू वर ठेवून आत सोडा. तांदळाचंच पीठ, कारण त्यात ग्लुटेन नसल्याने ते ओल्या कणकेशी एकजीव होत नाही. मी एकदा मैदा वापरला. सकाळी पाव उलटा केला तर निम्मा पाव कापडालाच राहिला.

झाकून फ्रिजमध्ये, ४ अंशांना, ८ ते १६ तास. थंडीत यीस्ट मंदावतं, चव मात्र मुरत राहते, आणि गार गोळ्यावर चिरा सफाईने पडतात. त्याच दिवशी भाजायचा असेल तर बाहेर एक-दोन तास ठेवा आणि पिठाचं बोट टोचून बघा. खळगा हळूहळू आणि अर्धवट भरून आला तर वेळ झाली. लगेच उसळून आला तर अजून थांबायचं.

भाजणं

रिकामं भांडं झाकणासकट ओव्हनमध्ये ठेवून २५० अंशांवर ४५ मिनिटं तापवा. फ्रिजमधला गोळा थेट बेकिंग पेपरवर उलटा करा, आधी बाहेर काढून ठेवू नका. ब्लेड साधारण ३० ते ४५ अंशांत तिरकं धरून एका झटक्यात, सेंटिमीटरभर खोल, एक लांब चीर द्या. चीर दिली नाही तर वायू स्वतःची वाट शोधतो आणि पाव बगलेतून फाटतो.

पेपरसकट गोळा भांड्यात सोडा, झाकण लावा. २४० अंशांवर २० मिनिटं झाकून, मग झाकण काढून २२० अंशांवर आणखी २० ते २५ मिनिटं. झाकणाचं काम वाफ कोंडण्याचं. वाफेमुळे वरची साल ओली आणि लवचीक राहते, यीस्ट मरण्याआधीच्या शेवटच्या जोरात पावाला वर चढू देते आणि नंतर चकचकीत होते. झाकण काढल्यावर साल वाळून तांबूस होते. फिक्या सोनेरी रंगावर भुलून पाव काढू नका, गडद तपकिरी होऊ द्या. आत थर्मामीटर ९६ ते ९८ अंश दाखवेल. असं भांडं नसेल तर तापलेल्या ट्रेवर पाव आणि खालच्या कप्प्यात धातूच्या थाळीत उकळतं पाणी, हा पर्याय आहे. ओव्हन लहान असून वरची कॉइल पावाच्या डोक्याशी येत असेल तर पावावर धातूचं खोल भांडं उपडं घाला. आणि तापलेल्या झाकणाला उघडा हात लावू नका, हे वाचायला वेडगळ वाटेल, पण झाकण काढून बाजूला ठेवल्यावर पाच मिनिटांत आपण विसरतो की ते २४० अंशांचं आहे.

आता सर्वांत अवघड पायरी: जाळीवर ठेवून किमान दोन तास हात लावायचा नाही. गरम पावात पिठूळ भाग अजून बसलेला नसतो, वाफ फिरत असते. तेव्हा कापला तर आत गिच्च लागतो आणि उगाच भाजण्यावर खापर फुटतं.

कापल्यावर काय वाचायचं

मोठमोठी एक-दोन बिळं आणि त्यांच्याभोवती दडस, ओलसर भाग, हा कमी आंबलेला पाव. लोक बिळं पाहून खूश होतात, पण ते चुकीचंच आहे. पुढच्या वेळी आंबवायला तासभर जास्त द्या. पसरट, बारीक एकसारखी जाळी, फिकी साल, जास्त आंबट चव, हा जास्त आंबलेला. साल फिकी पडते, कारण रंग आणणारी साखर जंतूंनी आधीच खाऊन टाकलेली असते. जाळी चांगली पण पाव पसरलेला असेल तर आकार देताना ताण कमी पडला, किंवा तुमच्या मैद्याला पाणी जास्त झालं. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा: खोलीचं तापमान, किती वेळ, किती चढलं.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आंबवल्याने गव्हातलं ग्लुटेन नाहीसं होत नाही. सीलिॲक आजार असलेल्या माणसाने गव्हाचा सावरडो खायचा नाही, तो पचायला हलका असतो असं कोणी कितीही सांगो.

पाव पहिले दोन दिवस कापलेली बाजू खाली करून फडक्यात ठेवा. फ्रिजमध्ये नको, तिथल्या तापमानाला पाव सर्वांत लवकर शिळा पडतो. जास्त दिवस ठेवायचा असेल तर काप करून फ्रीझरमध्ये, आणि लागेल तसा थेट टोस्टरमध्ये.

रोज पाव करत नसाल तर स्टार्टरला रोज खुराकही नको. खुराक देऊन तासाभराने बरणी फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्यातून एकदा बाहेर काढून खायला द्या. दोन-तीन आठवडे विसरलात तरी बहुधा काही बिघडत नाही. फक्त पाव करायच्या आधी बाहेर दोन खुराक द्या, आणि दुसऱ्या खुराकाला तो नेहमीच्या वेळेत दुप्पट झाला तरच पिठात हात घाला.